केसपेपरवरचे शिरोडकर

दिल्लीच्या सरोजिनी नगरातून एका वाचक भगिनींचे लांबलचक पत्र आले आहे. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मुलगाही सरकारी नोकरीत, त्यामुळे मुक्काम दिल्लीतच. सूनबाईंचे दोन वेळचे दिवस पाचव्या महिन्यात गेले. दोन्ही वेळा ना पोटात दुखले, ना काही पूर्वसूचना. तिसऱ्या खेपेला तेराव्या आठवड्यात डॉक्टरांनी 'पिशवीच्या तोंडाला' टाका घातला आणि घरी सोडताना कार्डावर तारीख घालून एकच शब्द लिहिला : शिरोडकर.

बाईंना झालेला आनंद परमुलखात राहणाऱ्यालाच कळेल. एवढ्या मोठ्या रुग्णालयात आपला माणूस निघाला! पुढच्या तपासणीला जाताना त्यांनी नारळाच्या वड्यांचा डबा पिशवीत टाकला आणि खिडकीवर विचारले, "डॉक्टर शिरोडकर कहाँ बैठते हैं?" खिडकीवरच्या माणसाने यादीवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "माताजी, इस नाम का कोई डॉक्टर नहीं है।" दोन मजले फिरून झाल्यावर एका नर्सला हसू आवरेना. "अम्माजी, वो डॉक्टर नहीं, टांके का नाम है!"

वड्या नर्सच्या वाट्याला गेल्या, हे ठीकच झाले. पण बाईंनी पत्रात तीन प्रश्न विचारले आहेत. हे शिरोडकर कोण? डॉक्टरांची नावे अशी आजारांना आणि टाक्यांना का देतात? आणि तिसरा, जो खरे तर पहिला आहे : या टाक्याने मूल टिकेल ना?

शिरोडकर म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म 1899 सालचा, गोव्यातल्या शिरोडे गावचा. (मिठाच्या सत्याग्रहाचे आणि वि. स. खांडेकरांच्या शाळेचे शिरोडे ते वेगळे, ते वेंगुर्ल्याजवळचे.) शाळा हुबळीला, वैद्यकीचे शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. पुढे विलायतेत जाऊन 1931 मध्ये ते एफ.आर.सी.एस. झाले आणि परत मुंबईला येऊन त्याच कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जे. जे. रुग्णालयात त्यांच्यासमोर ज्या स्त्रिया येत, त्यांत काहींची कहाणी ठरलेली असे. दिवस राहतात, उलट्या होतात, पोट दिसू लागते आणि चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान सगळे संपते. एकदा नव्हे, चार-चार वेळा.

असे का होते, ते आधी समजून घेऊ. गर्भाशय ही तोंड खाली असलेली पिशवी. तिचे तोंड, म्हणजे गर्भाशयाची ग्रीवा, नऊ महिने घट्ट मिटलेले राहायचे आणि कळा सुरू झाल्यावरच उघडायचे, अशी निसर्गाची व्यवस्था. काही स्त्रियांत हे तोंड दुबळे असते. कुणाचे जन्मतःच, कुणाचे आधीच्या बाळंतपणातल्या किंवा शस्त्रक्रियेतल्या इजेमुळे. वरचा भार वाढू लागला की ते कळांवाचून, चोरपावलांनी उघडते. पाण्याची पिशवी खाली उतरते आणि बाई रुग्णालयात पोचेपर्यंत करण्यासारखे काही उरलेले नसते. बाळात दोष नसतो. ते फक्त फार लवकर आलेले असते.

त्या काळी यावर उपाय काय होता? निजून राहा आणि हार्मोनची इंजेक्शने घ्या. घरोघरी याखेरीज आणखी एक 'उपाय' चाले, आणि पत्र वाचून वाटते की तो अजून पुरता बंद झालेला नाही. तो म्हणजे बाईला बोल लावणे. पाण्याची बादली उचलली असेल, जिना चढली असेल, पपई खाल्ली असेल, कुणाची नजर लागली असेल. तिची कूसच धरत नाही, असे तिच्या देखत बोलायलाही मागेपुढे पाहिले जात नसे. डॉक्टरांची भाषा काही फार निराळी नव्हती. इंग्रजी पुस्तकांत या दोषाचे नाव होते 'इनकॉम्पिटंट सर्व्हिक्स', म्हणजे नालायक ग्रीवा! आता बरीच डॉक्टरमंडळी 'इनसफिशियन्सी' म्हणतात, म्हणजे अपुरेपणा. थोडे सौम्य झाले एवढेच.

शिरोडकरांचे म्हणणे असे की, अशा स्त्रियांना विश्रांतीचा आणि हार्मोनचा उपयोग होत नाही, कारण दोष पिशवीच्या आतल्या तोंडाशी आहे आणि तो बोटांनी तपासून सिद्ध करता येतो. दोष जागेचा असेल तर दुरुस्तीही त्या जागेचीच हवी. अमेरिकेत शिकागोच्या लॅश यांनी 1950 मध्ये अशी दुरुस्ती केली होती, पण ती दिवस राहण्यापूर्वी करायची. शिरोडकरांनी दिवस असतानाच टाका घातला. आपल्या आजीच्या बटव्याला नाडी असते ना, ती ओढली की तोंड मिटते, तसाच हा प्रकार. फक्त नाडी बाहेरून दिसत नाही. मूत्राशय थोडे वर सारून, आतल्या तोंडापर्यंत पोचून, कातडीखालून ती फिरवलेली असते. आणि नाडी कशाची? सुरुवातीला त्यांनी रुग्णाच्याच मांडीतल्या चिवट आवरणाची अरुंद पट्टी कापून वापरली. नंतर तिची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली.

हा शोधनिबंध 1955 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो लंडनला किंवा न्यूयॉर्कला नव्हे, तर मद्रासहून निघणाऱ्या 'द अँटिसेप्टिक' या मासिकात. एका भारतीय मासिकातला लेख वाचून जगभरचे प्रसूतितज्ज्ञ तो टाका घालू लागले, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी सोपी रीत काढली. कातडी न उघडता, जरा खालच्या बाजूने, धावदोऱ्यासारखा टाका. तो घालायला सोपा आणि काढायला त्याहून सोपा. आज पुष्कळ ठिकाणी मॅकडोनाल्डचाच टाका घालतात. सरोजिनी नगरच्या बाईंच्या कार्डावर दुसरे नाव असते, तर हा लेख कदाचित लिहायलाच लागला नसता!

एवढ्यावरून त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. कार्डावरचा एकच शब्द दुसऱ्या रुग्णालयातल्या, दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या देशातल्या डॉक्टरलाही सांगतो की धागा कुठे आहे, किती खोल आहे आणि काढायचा कसा. शिरोडकरांचा असेल तर कदाचित भूल द्यावी लागेल. मॅकडोनाल्डचा असेल तर बहुधा तपासणीच्या टेबलावरच निघेल. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की हे कार्ड देवघरात किंवा कपाटात ठेवू नका. सूनबाई माहेरी निघाल्या तर ते पर्समध्ये असू द्या. टाका साधारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात काढतात. त्याआधीच कळा सुरू झाल्या, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर सकाळची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठायचे आणि दारातच सांगायचे, 'टाका आहे.' धागा तसाच राहून कळा वाढल्या तर पिशवीचे तोंड फाटू शकते.

आता तिसरा प्रश्न. टाक्याने हमी मिळत नाही, शक्यता वाढते. ब्रिटनमधल्या वैद्यकीय संस्थांच्या पुढाकाराने 1292 स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 1993 मध्ये आले. टाका घातलेल्यांपैकी शंभरात तेराजणी तेहतीस आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, टाका न घातलेल्यांपैकी शंभरात सतराजणी. फरक आहे, पण फार मोठा नाही. कारण त्या अभ्यासात ज्यांना टाक्याची गरज आहे की नाही याबद्दल डॉक्टरच साशंक होते, अशा स्त्रिया घेतल्या होत्या. ज्यांचे दिवस मधल्या महिन्यांत तीन किंवा अधिक वेळा गेले होते, त्यांना फायदा स्पष्ट दिसला. म्हणजे शेजारणीला घातला म्हणून मलाही घाला, असा हा टाका नव्हे. हल्ली योनिमार्गातून सोनोग्राफी करून ग्रीवेची लांबी मोजता येते. आधीचा इतिहास असेल आणि लांबी पंचवीस मिलिमीटरच्या खाली गेली, तर टाक्याचा विचार करतात. काहींना टाक्याऐवजी प्रोजेस्टेरोन देतात. आपल्या सूनबाईंचे दोन्ही प्रसंग दुखण्यावाचून, एकाच महिन्यातले, म्हणजे अगदी शिरोडकरांनी वर्णन केलेल्या जातीचे. तेव्हा डॉक्टरांनी विचार करूनच निर्णय घेतलेला दिसतो, आणि आशा धरायला पुरेशी जागा आहे.

आणि हो, त्यांना दिवसभर पलंगावर निजवून ठेवले आहे, असे आपण लिहिता. नुसत्या निजून राहण्याने गर्भ टिकतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट फार काळ निजल्याने पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले नसेल तर घरात हिंडू-फिरू द्या, स्वयंपाकघरात बसून मटार सोलू द्या. माणूस छताकडे पाहत पडला की मनात नको ते विचार येतात.

नावांकडे परत येऊ. वैद्यकातली माणसांची नावे आपल्या समजुतीपेक्षा फार जास्त आहेत. सरोजिनी नगरच्या बाजारातल्या कोणत्याही पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत जा. ताप हटत नसेल तर 'विडाल' करायला सांगतात. फर्नांद विडाल हे फ्रेंच डॉक्टर, त्यांनी 1896 मध्ये विषमज्वराची ही रक्ततपासणी काढली. पाठीच्या मणक्याच्या क्षयाला 'पॉट्स स्पाइन' म्हणतात, ते अठराव्या शतकातले लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांच्यावरून. कंपवाताला पार्किन्सनचे नाव आहे, पण ते त्यांनी स्वतः दिले नव्हते. त्यांनी 1817 मध्ये नुसते 'थरथरणारा पक्षाघात' म्हणून वर्णन केले. नाव लावले ते पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी. हा तर शिष्टाचारच आहे. आपल्या शोधाला आपणच आपले नाव द्यायचे नसते. ते दुसऱ्यांनी द्यावे लागते, आणि ते कोण देते, कुठल्या देशात बसून देते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आपल्याकडच्या डॉक्टरांनी मात्र या नावांचा एक वेगळाच उपयोग शोधून काढला. केसपेपरवर 'कॉक्स' लिहिलेले पाहिले आहे का? तो क्षयरोग. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचे जंतू जाहीर केले, म्हणून 'कॉख्स', आणि आपल्या तोंडी 'कॉक्स'. टी.बी. हा शब्द कानावर पडला की सोयरीक मोडते, भाड्याची खोली जाते, म्हणून डॉक्टर एकमेकांत हा शब्द वापरू लागले. हेतू दयेचाच. पण या दयेचे एक दुसरे टोक आहे. ज्याला आपल्याला क्षय आहे हेच कळले नाही, तो दोन महिन्यांत खोकला थांबला की गोळ्या सोडतो, आणि मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात. झाकण्यासाठी वापरलेले नाव रोग्यापासून झाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कार्डावर कुणाचे आडनाव दिसले तर त्याचा अर्थ विचारून घ्या. तो आपला हक्क आहे.

महारोगाची गोष्ट याच्या उलट. तिथे नावाने खरोखर भले केले. 'महारोगी' या शब्दात शतकांचा बहिष्कार भरलेला होता. नॉर्वेच्या बर्गेन शहरी आर्मावर हॅन्सन यांनी 1873 मध्ये त्याचे जंतू पाहिले, आणि हा शाप नसून जंतुजन्य रोग आहे हे सांगितले. पुढे अनेक देशांतल्या रुग्णांनी आणि डॉक्टरांनी 'हॅन्सनचा आजार' हे नाव उचलून धरले. कारण हॅन्सन या शब्दाची कुणाला किळस येत नाही. आता याच हॅन्सननी जंतूंची परीक्षा पाहायला एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिला न विचारता दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला होता. 1880 मध्ये खटला झाला आणि रुग्णालयातली त्यांची जागा गेली. तेव्हा रोगाला नाव मिळणे हे काही चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे.

आणि रुग्णांचे काय? ज्यांच्या अंगावर तो रोग उमटला, ज्यांनी डॉक्टरला तो दाखवला, त्यांचे नाव क्वचितच उरते. शिरोडकरांच्या त्या पहिल्या स्त्रिया कोण होत्या, त्यांच्या मांडीतली पट्टी कापून घेताना त्यांनी काय भरवशाने होकार दिला असेल? त्यांची नावे कुठल्या पुस्तकात नाहीत. एक अपवाद मात्र आम्हाला फार आवडतो. 1952 मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांना रक्त न गोठण्याचा एक नवा प्रकार सापडला. तो ज्या पाच वर्षांच्या मुलात सापडला त्याचे नाव स्टीफन ख्रिसमस. डॉक्टरांनी रोगाला त्या मुलाचे आडनाव दिले, आणि लेख छापून आला तो नेमका नाताळच्या अंकात!

त्याच 1952 साली आपल्या मुंबईतही एक शोध लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना अशी माणसे आढळली की ज्यांचे रक्त ए, बी, ओ यांपैकी कशाशीच जुळेना. इंग्लंडमधल्या तज्ज्ञांना सोबत घेऊन त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. पद्धतीप्रमाणे त्याला 'भेंडे गट' म्हणायला हरकत नव्हती. पण नाव रूढ झाले ते 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. शहराचे नाव 1995 मध्ये बदलले, रक्तगटाचे मात्र बॉम्बेच राहिले. कुष्ठरोगाच्या संशोधनातही असेच झाले. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी 1958 मध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढवला. पुढे त्यापासून लसही तयार झाली. पण जंतूचे नाव पडले 'आय.सी.आर.सी.', म्हणजे त्यांच्या संस्थेची, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरची, आद्याक्षरे. तीन मराठी माणसे चार इंग्रजी अक्षरांत मावली.

साहेबांचा तो रोग आणि आपला शोध मात्र गावाच्या नावावर, असे म्हणून कुणी चडफडेल. चडफडण्यात तथ्य आहेच. काळा आजाराच्या जंतूंना लंडनच्या लीशमन आणि मद्रासच्या डोनोव्हन यांची नावे मिळाली, दिल्लीला मिळाला तो 'दिल्ली फोड'. पण शिरोडकरांच्या बाबतीत एक गंमत आहे. आपल्याकडची 'कर' लागलेली आडनावे मुळात गावाचीच. शिरोड्याचा तो शिरोडकर. लंडनची किंवा न्यूयॉर्कची परिचारिका 'शिरॉडकर' म्हणते तेव्हा तिला ठाऊक नसते की ती गोव्यातल्या एका खेड्याचे नाव घेते आहे. सरोजिनी नगरवासीयांना याचे नवल वाटू नये. त्यांची वसाहतही मुळात 'विनय नगर'. पुढे तिच्या भागांना सरोजिनी, लक्ष्मीबाई, नौरोजी अशी माणसांची नावे मिळाली. सरोजिनी नायडूंचे यजमान गोविंदराजुलू हे डॉक्टर होते, हे तिथल्या किती जणांना माहीत आहे?

इथून पुढे मात्र अशी नावे कमी होत जाणार. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले की नव्या संसर्गजन्य रोगांना माणसांची, गावांची, प्राण्यांची नावे देऊ नयेत. 2021 मध्ये करोनाच्या प्रकारांना लोक देशांच्या नावाने ओळखू लागले, तेव्हा अल्फा, डेल्टा अशी ग्रीक अक्षरे आली ती यामुळेच. जुनी नावेही गळू लागली आहेत. हान्स रायटर या जर्मन डॉक्टरचा नाझी छळछावणीतल्या प्रयोगांशी संबंध उघड झाल्यावर त्याचे नाव लावलेल्या सांधेदुखीला आता निराळे नाव आहे. डाउन यांनी 1866 मध्ये ज्या मुलांचे वर्णन केले, त्यांना जग शंभर वर्षे 'मंगोल' म्हणत होते. मंगोलियाने 1965 मध्ये तक्रार केली तेव्हा तो शब्द मागे पडून 'डाउन सिंड्रोम' रूढ झाले. तिथे डॉक्टरचे नावच बरे ठरले.

बॉम्बे गटाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, कारण नावामुळे गैरसमज होतो. हा गट मुंबईकरांचाच असतो असे नाही. दिल्लीत, कर्नाटकात, कुठेही सापडतो. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एखादा. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' सारखाच दिसतो, पण त्या माणसाला 'ओ'चे रक्त चढवले तर जिवावर बेतू शकते. रक्त जुळवून पाहताना रक्तपेढी 'जुळत नाही' म्हणाली तर घाईने दुसरीकडून आणू नका, एच अँटिजेनची तपासणी करायला सांगा. घरात एकाचा हा गट निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. आई-वडिलांचा गट नेहमीसारखा असला तरी प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते. आणि वेळ आली तर बहुधा त्या भावंडाचेच रक्त लागेल.